पडद्यातलं छिद्र

१८५७ साली वऱ्हाड त्या मानानं शांत होता. चारच वर्षांपूर्वी, १८५३च्या तहानं, निजामानं तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला होता. उत्तरेत कंपनीचं राज्य हादरत असताना इकडे साहेब लोक जमिनीची मोजणी आणि कापसाचा अंदाज करण्यात गुंतले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे नावाच्या २९ वर्षांच्या डॉक्टरनं एक निबंध छापला. तोवर ज्या रोगात डोळा गेला म्हणजे गेलाच असं जगभरचे वैद्य मानत, तो रोग शस्त्रक्रियेनं थांबवता येतो, असं त्यात म्हटलं होतं. बुबुळाच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढायचा, बस्स. ही गोष्ट त्या कापलेल्या तुकड्याची आणि त्याला वऱ्हाडच्या घाटावर पोहोचायला लागलेल्या वेळाची आहे.

रोग म्हणजे काचबिंदू. त्यातही ज्यात डोळ्यातल्या पाण्याची वाट अचानक बंद होते तो प्रकार. काचबिंदूचा दुसरा, अधिक चर्चेतला प्रकार चोरपावलांनी येतो. वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही. हा मात्र बहुधा अंधार पडल्यावर येतो, कारण मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि अरुंद डोळ्यात तेवढं निमित्त पुरतं. आधी काही महिने दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात. मग एखाद्या रात्री डोळा लाल होतो, अर्धं डोकं फुटायला लागतं, उलट्या सुरू होतात, नजर धुरकटते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकांना तो पुरुषांपेक्षा जास्त गाठतो. घरात उलटीवरून पित्त ठरतं, डोकेदुखीवरून अर्धशिशी, लाल डोळ्यावरून डोळे आले. तिन्हीवर घरगुती उपाय आहेत आणि ते करण्यातच दोन-चार दिवस जातात.

हे दोन-चार दिवस किती मोलाचे, हे आपल्याकडे फार पूर्वी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची मांडणी आहे आणि त्यांत अधिमंथ येतो. डोळा उपटून काढल्यासारखा, आतून घुसळून निघाल्यासारखा ठणकतो आणि सोबत अर्धं डोकं धरतं, असं त्याचं वर्णन. दृष्टी किती रात्रींत जाईल हेही तिथं सांगितलंय: कफाच्या अधिमंथात सात, वाताच्या सहा, रक्ताच्या पाच, पित्ताच्या अधिमंथात पथ्य चुकलं तर तत्काळ. आजच्या रोगाशी हे वर्णन तंतोतंत जुळवण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण रात्री मोजणारा तो वैद्य रुग्णाच्या उशाशी बसलेला असणार, ही माझी खात्री आहे. उपाय म्हणून शीर तोडून रक्त काढत, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत भुवईच्या वर डागण्याचाही सल्ला आहे. डोळ्याच्या आत हात घालायचा तो मोतीबिंदूत, सुईनं भिंग मागे ढकलताना. अधिमंथात नाही.

इथं सिंदखेडराजाच्या जावयाच्या घराण्यातला एक माणूस आठवतो. सिंदखेडराजाचे जावई म्हणजे शहाजीराजे; त्यांचे एक पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. त्यांच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजी महाराज होते. वैद्यकाचा त्यांना नाद होता. त्यांनी नेत्ररुग्णांचे कागद ठेवले, डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. असे चाळीसहून अधिक केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. हिंदुस्थानात त्या काळी एवढ्या नेटक्या नेत्रनोंदी दुसऱ्या कोणी ठेवल्या असतील तर त्या फारशा प्रसिद्ध नाहीत. पण या राजाकडेही भर होता मोतीबिंदूवर. दगडासारख्या टणक झालेल्या, ठणकणाऱ्या डोळ्यापुढं तेव्हा तंजावर आणि लंडन सारखेच हतबल होते.

डोळा टणक होतो, म्हणजे आत दाब वाढतो, हे ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीनं १८३०च्या सुमारास स्पष्ट लिहिलं. १८५१मध्ये हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र जगापुढे ठेवलं आणि ग्रेफे त्यावर तुटून पडला. पहिल्या झटक्यात तो फसलाही: काचबिंदूच्या डोळ्यात दृष्टीच्या नसेचं तोंड त्याला फुगलेलं दिसलं. खरं तर ते आत खचलेलं होतं. नव्या यंत्रातून एका डोळ्यानं पाहताना खोलगट आणि उंच यांत गल्लत झाली. ती त्यानं पुढे दुरुस्त केली. मग त्याला आठवलं की दुसऱ्याच कारणांसाठी, बुबुळाच्या पडद्याला सूज आली म्हणून किंवा कॉर्नियाला, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेला, फुगवटा आला म्हणून, पडद्याचा तुकडा काढल्यावर डोळा मऊ पडतो. मग काचबिंदूतही तेच का करू नये? त्यानं केलं. तीव्र झटक्यातले डोळे दुसऱ्या दिवशी शांत झाले, नजर परतली.

का परतली, हे त्याला माहीत नव्हतं. आतल्या पटलाला सूज येऊन तिथं पाणी जास्त झरतं, अशी त्याची कल्पना होती आणि ती चूक होती. वैद्यकाच्या इतिहासात चुकीच्या कारणासाठी केलेला बरोबर इलाज नवा नाही. इथं मात्र त्या चुकीची किंमत मोठी झाली. कारण कळलेलं नसल्यामुळे पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तीच शस्त्रक्रिया दोन्ही प्रकारच्या काचबिंदूंवर सरसकट होत राहिली. एकात ती रामबाण, दुसऱ्यात जवळजवळ निरुपयोगी. ग्रेफेला हा फरक दिसत होता, उलगडत नव्हता. १८७०मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, तो क्षयानं गेला.

त्याच १८७०मध्ये जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा कापूसबाजार पाहायला आले. या योगायोगात अर्थ शोधू नये. पण जिल्ह्याचा नकाशा समजायला तो उपयोगी आहे. बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगरानं दोन पातळ्यांत कापला आहे. खाली पूर्णेचं खोरं, म्हणजे पायनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. रूळ, बाजार, पैसा तिथं. वर बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं मात्र वर, थंड हवेच्या भिलठाण्याला, म्हणजे बुलढाण्याला, नेलं. त्यामुळे साहेबाची कचेरी, तुरुंग आणि सिव्हिल सर्जन घाटावर, रेल्वे घाटाखाली. मलकापूरहून वर यायचं तर राजूरचा घाट, खामगावहून यायचं तर बोथ्याचा. आणि लोणारकडचा माणूस मेहकर, चिखली ओलांडत बैलगाडीनं मुक्काम करत येणार. सुश्रुताच्या हिशोबातल्या दोन-तीन रात्री रस्त्यातच संपल्या. वर पोहोचल्यावरही सिव्हिल सर्जन हा सर्वज्ञ माणूस: शवविच्छेदन त्याच्याकडे, कैद्यांची तब्येत त्याच्याकडे, देवी-पटकी-प्लेग त्याच्याकडे. मुंबईला जे. जे. रुग्णालयाच्या आवारात कावसजी जहांगीर रेडीमनींच्या देणगीतून उभं राहिलेलं नेत्ररुग्णालय होतं. मलकापूरला गाडीत बसलं की तिथवर जाता येई. ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे आणि सोबत यायला माणूस होता, त्याला.

युरोपात मात्र एका रुग्णानं या रोगाची आतली हकिगत लिहून ठेवली, आणि तो रुग्ण स्वतःच नेत्रवैद्य होता. स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक लुडविग लाकर यांना वर्षानुवर्षं झटके येत: धूसर नजर, दिव्याभोवती रंगीत कडी. १८७६मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेपासून काढलेलं औषध काचबिंदूवर सुचवलं. त्या शेंगेचा तिथं एरवी उपयोग काय, तर आरोपीला विषपरीक्षा द्यायला. तिच्या अर्काचा थेंब डोळ्यात टाकला की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पडदा ताणला जातो आणि वाट मोकळी होते. लाकर स्वतःच्याच औषधावर दिवस काढत राहिले. शेवटी १८८०मध्ये झुरिकच्या हॉर्नरनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या पडद्यांचे तुकडे काढले. त्यानंतर १९०९मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची नजर टिकली. ग्रेफेच्या शस्त्रक्रियेला याहून चोख साक्षीदार मिळाला नसता. ब्राझीलमधल्या एका झुडपापासून मिळणारं पायलोकार्पिन याच सुमाराला आलं आणि थेंबांच्या बाटलीत ते आजवर टिकून आहे. १८८४मध्ये कार्ल कोलरनं कोकेननं डोळा बधिर करून दाखवला. तोवर हे सारं क्लोरोफॉर्म देऊन किंवा तेही न देता चाले.

हिंदुस्थानातून या इतिहासात मोठी भर पडली ती मद्रासमध्ये. तिथलं नेत्ररुग्णालय १८१९चं. तिथले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागाला, कॉर्नियाच्या कडेशी, बारीक गोल भोक पाडून आतलं पाणी बाहेरच्या नाजूक आवरणाखाली झिरपू देण्याची पद्धत रूढ केली. पडद्याचा तुकडा काढून भागत नाही अशा डोळ्यांसाठी ही दुसरी वाट होती. तिच्यातूनच पुढे १९६८मध्ये केंब्रिजच्या केर्न्सनी मांडलेली, आज सगळीकडे होणारी ट्रॅबेक्युलेक्टमी आकाराला आली. मद्रास, कलकत्त्याच्या त्या काळच्या डॉक्टरांना आणखी एक विचित्र काचबिंदू भेटला. बंगालकडे मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ झाली की माणसांचे पाय सुजत आणि डोळ्यांचा दाब चढे. आपल्या वऱ्हाडात फोडणीला करडई, जवस, शेंगदाणा. त्या साथीपासून आपण बरेचसे बचावलो. पण बांधावरचा दुसरा धोत्रा, पांढऱ्या फुलांचा, तो आपलाच. त्याचा चीक किंवा रस चुकून डोळ्यात गेला की बाहुली विस्फारते आणि अरुंद कोनाच्या डोळ्यात त्यावरून झटका येऊ शकतो. दोन्ही झाडांचं कुळ निराळं, विष निराळं, आणि काचबिंदूही निराळा.

ग्रेफेची शस्त्रक्रिया का लागू पडते, याचा उलगडा व्हायला १९२० उजाडलं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एडवर्ड करननं जे मांडलं ते असं. डोळ्यातलं पाणी पडद्याच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पडदा व कॉर्निया जिथं मिळतात त्या कोनातून निचरतं. वयानुसार भिंग जाड होत जातं, पडद्याला मागून चिकटतं, बाहुलीतून पाणी पुढे येईना होतं. बंद खोलीत वारा भरावा, दारावरचा पडदा फुगावा आणि त्यानंच शेजारच्या खिडकीची फट झाकावी, तसा तो रंगीत पडदा पुढे फुगून कोन बंद करतो. एरवी १० ते २१ मिलिमीटर असणारा पाऱ्याचा दाब मग ५०-६०वर जातो. ग्रेफे भलामोठा तुकडा काढत होता. बाहुली कुलपाच्या भोकासारखी दिसायची. करन म्हणाला, तुकडा कशाला? कडेला बारीक छिद्र पाडा. पाण्याला दुसरी वाट मिळाली, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला, की पडदा आपोआप मागे सरकतो. त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९३८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कननं आरशाच्या भिंगातून शेकडो डोळ्यांचे कोन पाहून अरुंद आणि रुंद कोनांचे काचबिंदू वेगळे केले, आणि पन्नाशीच्या दशकात बॉस्टनच्या पॉल चँडलरनं कडेच्या छोट्या छिद्राला प्रतिष्ठा मिळवून दिली. एका शतकानंतर ग्रेफेच्या हाताला त्याचं कारण मिळालं.

तोवर वऱ्हाड मध्य प्रांतातून मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला होता. नागपूरला १९१४ची रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९४७मध्ये वैद्यकीय महाविद्यालयात बदलली होती. गावोगावच्या शाळा-धर्मशाळांमध्ये नेत्रशिबिरं भरण्याचा काळ सुरू झाला होता. मुरुगेप्पा मोदींसारखे डॉक्टर कर्नाटक-महाराष्ट्रात फिरत एकेका दिवसात शेकडो डोळे करत. सरकारनं १९६३मध्ये खुपरीविरुद्ध आणि १९७६मध्ये अंधत्वाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम काढले. या साऱ्यात शब्द एकच ऐकू यायचा: मोतीबिंदू. काचबिंदूचं शिबिर कोणी भरवलं नाही. भरवणं शक्यही नव्हतं. कोन पाहायला सूक्ष्मदर्शक, आरशाचं भिंग आणि शिकलेला हात लागतो. आणि ज्याचा डोळा काचबिंदूनं गेला तो परत येत नाही, त्यामुळे पट्टी सोडल्यावर नातवाला ओळखणाऱ्या आजीचा फोटो निघत नाही.

तरीही ग्रेफेचं छिद्र याच शिबिरांतून वऱ्हाडात आलं, दुसऱ्याच नावाखाली. त्या वेळच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अख्खं भिंग आवरणासकट बाहेर काढत. भिंग गेल्यावर आतला चिकट द्रव बाहुलीत येऊन तीच वाट बंद करण्याचा धोका असे, म्हणून सर्जन जाता जाता पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटं छिद्र ठेवून देत. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत ज्यांनी शिबिरात मोतीबिंदू काढला, नाकावर जाड भिंगाचा चष्मा बाळगला, त्या आजोबा-आजींच्या वरच्या पापणीआड हे छिद्र होतं. त्यांना कोणी ते सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. करननं कागदावर मांडलेलं तत्त्व अशा रीतीनं डिग्रस-डोणगावच्या माणसांच्या डोळ्यांत, त्यांच्या नकळत, कोरलं गेलं.

यातला उपरोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फुगलेलं, जुनं भिंग हेच कोन बंद करणारं मुख्य कारण. मग ते काढून टाकलं की कोन उघडणारच. शिबिरातले डॉक्टर मोतीबिंदू काढत होते, आणि त्यांतल्या अरुंद डोळ्यांचा काचबिंदू येण्याआधीच टळत होता. हे सिद्ध व्हायला मात्र २०१६ यावं लागलं. पाच देशांतल्या ३० रुग्णालयांत ४१९ रुग्णांवर झालेल्या ईगल या चाचणीत असं दिसलं की कोन बंद होण्याच्या काचबिंदूत, किंवा कोन बंद होऊन नुसता दाब फार चढलेला असेल तर, मोतीबिंदू नसतानाही भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं हे लेझरनं छिद्र पाडण्यापेक्षा सरस ठरतं. १९९४मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्र होता. जिल्हा रुग्णालयांत सूक्ष्मदर्शक आणि भिंगं आली, तंबूतली शस्त्रक्रिया मागे पडली. काचबिंदूसाठी म्हणून तो पैसा आला नव्हता. उपयोग त्यालाही झाला.

लेझरची गोष्ट थोडक्यात. सत्तरच्या दशकात आर्गॉन आणि ऐंशीच्या दशकात याग लेझरनं चाकूची जागा घेतली. आपल्याकडचे पडदे गडद तपकिरी, जाड. आर्गॉन तिथं अडखळायचा. याग सूक्ष्म स्फोट करून आरपार जातो. डोळ्यावर भिंग टेकवून बसल्या जागी, पाच-दहा मिनिटांत छिद्र. शहरांतल्या दवाखान्यांत तो आधी आला, जिल्ह्यांत नंतर.

आपल्या लोकांचे डोळे मुळात कसे आहेत, हे कळायला एकविसावं शतक लागलं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६पासून नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीवरच्या ४,७११ लोकांचे डोळे मोजले. डोळ्याची सरासरी लांबी निघाली २२.६ मिलिमीटर, पाश्चात्त्य मोजमापांहून साधारण एक मिलिमीटर कमी. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आखूड डोळ्यात भिंग, पडदा, पाणी यांना दाटीवाटीनं राहावं लागतं. उंची कमी तसा डोळाही आखूड. घाटावरच्या बुटक्या, वयस्क बाईच्या डोळ्यात कोन अरुंद असण्याची शक्यता म्हणून जास्त. वेल्लोरच्या रवी थॉमस यांनी असे अरुंद, पण अजून निरोगी डोळे पाच वर्षं पाहिले: ५०पैकी ११ जणांत कोन बंद व्हायला लागला होता.

आज बुलढाण्यात झटका आलेली बाई वेळेवर पोहोचली, तर क्रम ठरलेला आहे. १९५४पासून वापरात असलेल्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या, शिरेतून मॅनिटॉल, दाब उतरवणारे थेंब. कॉर्निया स्वच्छ झाली की लेझरनं छिद्र, आणि दुसऱ्या, अजून न दुखणाऱ्या डोळ्यालाही तेच. कोन चिकटून बसला असेल तर भिंग काढणं किंवा ट्रॅबेक्युलेक्टमी. मॅनिटॉल लावण्यापर्यंतचं काम तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकतं, रोग ओळखला गेला तर. २०२४मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. खामगाव–जालना रेल्वे मात्र शंभरहून अधिक वर्षं मागणीतच आहे; मेहकर-लोणारचा माणूस आजही एसटीनंच येतो.

ज्यांचा कोन अरुंद आहे पण त्रास काहीच नाही, त्यांचं काय करायचं, हा वाद अजून मिटलेला नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात ८८९ लोकांच्या एकेका डोळ्यात लेझरनं छिद्र पाडून दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांनी, २०१९मध्ये, निष्कर्ष आला: छिद्रानं धोका जवळपास निम्म्यावर येतो, पण मुळातच तो इतका कमी आहे की सरसकट सगळ्यांना लेझर देण्यात अर्थ नाही. लक्ष ठेवा, वर्षाला तपासा. त्यासोबत अपवादांची यादीही आहे: जवळच्या नात्यात हा काचबिंदू असलेले, मधुमेहामुळे वारंवार बाहुली मोठी करावी लागणारे, आणि ज्यांना झटका आल्यावर लवकर डॉक्टरपर्यंत पोहोचता येणार नाही असे. रुग्णाचं घर रुग्णालयापासून किती लांब, हे इथं शस्त्रक्रियेचं एक मान्य कारण आहे. म्हणून बुलढाण्याचा डॉक्टर आधी केसपेपरवरचा पत्ता वाचतो. पत्ता चिखली रोडचा असेल तर वर्षभरानं या म्हणतो. लोणारच्या पलीकडचा असेल, तर आज थांबा, दोन्ही डोळ्यांना छिद्र करूनच जा, म्हणतो.